रोजा आपला, थकबाकी त्याची

रमजानचा चांद दिसायच्या पंधरा दिवस आधीपासून आपल्या वस्त्यांमधल्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. सेहरी-इफ्तारच्या वेळापत्रकाचे कार्ड, मदरशाच्या जकात-आवाहनाचे पोस्टर, इफ्तारचे निमंत्रण, मिठाईवाल्याच्या खास ऑफरचा बॅनर, मौलानांच्या उर्दू बयानाची मराठी लेखी प्रत, ईदच्या शुभेच्छांचा तीस सेकंदांचा व्हिडिओ. सगळे काम ‘आज रात्रीपर्यंत’ हवे असते. तरावीहनंतर ही मुले संगणकासमोर बसतात आणि सेहरीपर्यंत काम करून पाठवतात. मग महिना संपतो, ईद होते. वेळापत्रक घरोघरच्या फ्रीजच्या दारावर चिकटलेले राहते आणि ते बनवणाऱ्याचे पैसे राहून जातात.

आम्ही राहतो तो जेसल पार्क भाईंदर पूर्वेला, खाडीच्या कडेला. इथला दिवस पूर्वी लोकलच्या वेळापत्रकाने ठरायचा. सकाळी डबा घेऊन स्टेशन गाठायचे, चर्चगेटची गाडी पकडायची, रात्री परतायचे. आजही ती गर्दी कमी झालेली नाही. पण त्याच इमारतींत आता घरातच कामावर बसणारी एक पिढी तयार झाली आहे. कोणी दुबईच्या दुकानासाठी लोगो बनवते, कोणी टोरंटोच्या कंपनीसाठी सबटायटल्स लिहिते. कोणी इनपेजवर उर्दू पुस्तकाची जुळणी करून देते. माझ्या काही माजी विद्यार्थिनी परदेशातल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर कुरआनपठण आणि तजवीद शिकवतात. त्यांच्या कामाला ‘फ्रीलान्सिंग’ म्हणतात. ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ मात्र काही ग्राहकांनी ‘फुकट’ असाच घेतलेला दिसतो.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख लोक गिग पद्धतीच्या कामात असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असे म्हटले होते. जेवण पोहोचवणारा, गाडी चालवणारा आणि घरी बसून भाषांतर करणारी, सगळे त्यात आले. पण गाडी चालवणाऱ्याला निदान ग्राहकाचा चेहरा दिसतो. ऑनलाइन काम करणाऱ्याला तोही दिसत नाही. त्याला मुकादम नाही, कारखान्याचे फाटक नाही, पगाराची तारीख नाही आणि फाटकावर जमून घोषणा द्यायला सोबती नाहीत. पैसे बुडाले तर ते त्याच्या एकट्याच्या खोलीत बुडतात.

तंट्यांचे प्रकार मात्र फार नसतात. विद्यार्थ्यांकडून ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलेले चारच आहेत. पहिला ग्राहक काम वाढवत नेतो: एक पोस्टर ठरलेले असते, मग त्याचाच चौकोनी आकार, मग उभा, मग इंग्रजी आवृत्ती, आणि पैसे एकाचेच. दुसरा काम मिळाले की गप्प होतो. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. तिसरा काम हातात आल्यावर भाव करतो. आधी तीन हजार ठरलेले असतात, नंतर म्हणतो, ‘इतकं काही विशेष नाही झालं, पंधराशे घे.’ चौथा धमकी देतो: ‘वाईट रेटिंग देईन’ किंवा ‘ग्रुपवर तुझं नाव टाकेन.’

या चौघांपैकी तिघांचा बंदोबस्त काम सुरू होण्याआधीच करता येतो, आणि तो करायला दोन-चार ओळी पुरतात. आपण त्या लिहीत नाही, हे खरे दुखणे आहे. लिहायला गेले की समोरचा दुखावतो. ‘आपसातली गोष्ट आहे, लिहायचं कशाला? विश्वास नाही का?’ हे वाक्य मी लग्नाच्या हॉलपासून पुस्तकाच्या छपाईपर्यंत सर्वत्र ऐकले आहे, आणि ते बोलणारे बहुधा दीनदार, भले लोक असतात.

त्यांना एकच आठवण द्यावीशी वाटते. पवित्र कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे? नमाजवर नाही, रोजावर नाही, हजवरही नाही. ती आहे अल-बकरा या सूरहची २८२ वी आयत आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याची लिखापढी. मुदतीचा व्यवहार केला तर तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास देऊ नये, इतका बारीक तपशील त्यात आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला तेवढी सूट आहे. आयत उधारीबद्दल आहे, हे खरे. पण काम पूर्ण झाले आणि मोबदला मिळाला नाही, म्हणजे ते कर्जच झाले की. ज्या ग्रंथाची एका बैठकीत पारायणे करण्याची आपल्याला हौस आहे, त्यातली सर्वांत मोठी आयत व्यवहारात वगळायची आणि वर तिच्यावर चालणाऱ्यालाच अविश्वासू म्हणायचे, हे कुठले तर्कशास्त्र?

आपल्याच भाईंदरचे उदाहरण घ्या. इथला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा धंदा जुना आहे. छोट्या छोट्या गाळ्यांत जॉबवर्क चालते. एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात पॉलिशसाठी माल जातो तेव्हा बरोबर चलन जाते. नग किती, वजन किती, काम कोणते, हे त्यावर असते. माल परत येताना पुन्हा मोजला जातो. दोन्ही गाळेवाले वर्षानुवर्षांचे मित्र असतील, एकमेकांच्या घरच्या लग्नांत जेवत असतील, तरी चलन फाडले जातेच. त्या कागदामुळे त्यांची मैत्री तुटत नाही. उलट कागद आहे म्हणून ती टिकते, कारण आठवणीवर भांडायची वेळच येत नाही. मग लॅपटॉपवरच्या जॉबवर्कला चलन का नको?

हे चलन म्हणजे दहा पानांचा करारनामा नव्हे. काम काय आणि किती, कधी द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती, आगाऊ किती, उरलेले कोणत्या तारखेला, आणि काम मधेच रद्द झाले तर काय, एवढे एका संदेशात लिहायचे आणि समोरच्याकडून ‘मान्य’ एवढा शब्द मिळवायचा. फोनवर बोलणे झाले तर लगेच दोन ओळी पाठवायच्या: ‘आत्ता आपले असे ठरले, बरोबर ना?’ भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो. पण तो सिद्ध करताना घाम फुटतो. लेखी संदेश हा तुमचा साक्षीदार आहे. ‘दोन दुरुस्त्या या रकमेत, पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचे इतके’ ही एक ओळ काम वाढवत नेणाऱ्याला थोपवते. आगाऊ रक्कम घेतली की गायब होणारा निम्मा तरी सापडतो. उरलेली रक्कम मिळेपर्यंत कमी दर्जाची किंवा खुणेची प्रत दाखवायची आणि पैसे आल्यावर मूळ फाइल द्यायची, म्हणजे नंतर भाव करणाऱ्याच्या हातात हत्यार उरत नाही.

अपवर्क, फायव्हर यांसारख्या मंचांचा खरा उपयोग इथेच आहे. ते कमिशन घेतात म्हणून मुले कुरकुरतात. पण अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाला टप्प्याचे पैसे आधी जमा करावे लागतात. काम सादर केल्यावर तपासायला त्याला १४ दिवस मिळतात आणि तो गप्प बसला तर पैसे आपोआप मोकळे होतात. फायव्हरवर ऑर्डर देतानाच पैसे घेतले जातात. म्हणून ओळख झाल्यावर ‘मंच सोड, थेट कर, तुझे कमिशन वाचेल’ असे सांगणाऱ्या अनोळखी परदेशी ग्राहकापासून सावध राहावे. मंचाचा नियम मोडल्याने खाते जाते ते वेगळेच, आणि टोरंटोतल्या माणसावर भाईंदरहून दावा कोण लावणार? सगळे बोलणे, सगळ्या फाइली मंचाच्या आतच ठेवाव्यात. तंटा झाला तर मध्यस्थ तेवढेच वाचतो.

देशातल्या ग्राहकासाठी आपल्याकडे कायदा आहे, आणि तो वापरणारे फार थोडे आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा. त्यात सेवा देणारेही येतात. घरात एकटीने काम करणारी डिझायनर किंवा भाषांतरकारही ‘उद्यम’ नोंदणी करून सूक्ष्म उद्योग ठरू शकते. ही नोंदणी ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि तिला शुल्क नाही. कोणी एजंट पैसे मागत असेल तर तो त्याचा धंदा आहे, सरकारचा नियम नव्हे. मात्र काम घेण्याआधीच ती करून ठेवावी, तंटा झाल्यावर धावाधाव करू नये.

नोंदणी असेल तर कायदा सांगतो की लेखी मुदत ठरली असली तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायला हवेत आणि मुदतच ठरली नसेल तर १५ दिवसांत. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारले असेच धरले जाते. दोन महिने गप्प बसून मग ‘आवडलं नाही’ म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार राज्य शासनाच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये त्यासाठी ‘समाधान’ हे ऑनलाइन दालन सुरू केले. कौन्सिल आधी समेट घडवते, तो न झाल्यास लवादाचा मार्ग असतो. कायद्यात ९० दिवसांची मुदत लिहिली आहे. प्रत्यक्षात सरकारी काम किती वेळ घेते हे मी वाचकांना सांगायला नको. पण कौन्सिलची नोटीस हातात पडली की पुष्कळ लोकांना आपल्या बँकेचा आयएफएससी कोड अचानक आठवतो.

दुकानदार आणि व्यावसायिक वाचकांसाठीही एक गोष्ट सांगतो. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या ४३-ब या कलमात बदल झाला. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे दुसऱ्याचे पैसे अडवून ठेवण्याचा फटका आता स्वतःच्या कराच्या हिशेबालाही बसू शकतो. तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटला एकदा विचारून पाहा.

आणखी एक हक्क आपल्या मुलांना ठाऊकच नसतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. पण स्वतंत्रपणे केलेल्या भाषांतराचा किंवा लेखाचा पहिला मालक सामान्यतः तो लिहिणारा असतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. फोटो, चित्र, चित्रपट यांसारख्या काही कामांचा नियम वेगळा आहे. म्हणून संदेशात ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ ही ओळ असावी. पैसे न देता तुमचे भाषांतर छापणारा माणूस फक्त उधारी बुडवत नाही, तो दुसऱ्याची वस्तू वापरत असतो.

आता कोणी विचारेल, प्रत्येक थकबाकीदारावर असे तुटून पडायचे का? नाही. इथे आपली शरीयत एक फार बारीक आणि फार माणुसकीचा भेद करते. ज्या आयतीत लिखापढी सांगितली, तिच्या दोनच आयती आधी सांगितले आहे की देणेकरी खरोखर अडचणीत असेल तर त्याला हात मोकळा होईपर्यंत सवलत द्यावी, आणि माफ केले तर अधिक चांगले. दुसरीकडे हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ऐपत असूनही टाळाटाळ करणाऱ्याच्या वागण्याला जुलूम म्हटले आहे. ज्याला देता येत नाही आणि ज्याला द्यायचे नाही, ही दोन माणसे वेगळी. पहिल्याला हप्ते बांधून द्यावेत, तेही लिहूनच. दुसऱ्याला कायद्याची तारीख द्यावी.

२०२१ च्या फेब्रुवारीत ‘हे मन बावरे’ या मराठी मालिकेतल्या कलाकारांनी थकलेल्या मानधनाबद्दल समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिले, ते वाचकांना आठवत असेल. कलाकार म्हणत होते, आमच्या कामाचे पैसे द्या. निर्मात्याने आपण आर्थिक अडचणीत असल्याचे सांगितले. त्या प्रकरणात न्यायनिवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट त्यातून दिसली. घराघरांत चेहरा ओळखीचा असलेल्या कलाकारांनाही शेवटी लोकांसमोर यावे लागले. मग ज्याचा चेहराच कोणी पाहिलेला नाही, त्या सबटायटल लिहिणाऱ्या मुलीने कुठे जावे? चित्रपट-मालिकांच्या लेखकांची मुंबईत संघटना आहे, तिची तंटे सोडवणारी समिती आहे. डिझाइन, भाषांतर, डेटाचे काम करणाऱ्यांना तेवढाही आधार नाही. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये फ्रीलान्सरांसाठी कायदा लागू केला: ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाचा करार लेखी हवा, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यावर ३० दिवसांत पैसे हवेत. २०२४ मध्ये तो नियम पूर्ण न्यूयॉर्क राज्याला लागू झाला. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आणला, ही चांगली सुरुवात आहे. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचे बिल वेळेवर मिळावे यासाठी असा वेगळा, सोपा कायदा महाराष्ट्राने करायला काय हरकत आहे?

खरे तर अशा गोष्टीसाठी एकत्र येण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. इस्लामपूर्व मक्केत येमेनमधल्या जबीदचा एक व्यापारी माल घेऊन आला. मक्केतल्या एका बड्या सरदाराने माल घेतला आणि पैसे द्यायला नकार दिला. परका माणूस, त्याचा टोळीवाला तिथे कोणी नाही. त्याने काबागृहाजवळ उभे राहून दाद मागितली. तेव्हा मक्केतली काही माणसे अब्दुल्ला बिन जुदआन यांच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली की इथे कोणावरही जुलूम झाला, मग तो आपला असो वा परका, तर त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. हाच ‘हिल्फुल फुजूल’. पैगंबर (स.) तेव्हा ऐन तारुण्यात होते आणि त्या सभेत हजर होते. पुढे पैगंबरी मिळाल्यावरही त्यांनी त्या कराराची आठवण अभिमानाने काढली. थोडक्यात, ग्राहकाने बुडवलेले एका परक्या विक्रेत्याचे बिल वसूल करण्यासाठी तो करार झाला होता. आजचा परका विक्रेता त्याच्या खोलीत बसला आहे, एवढाच फरक.

तंट्यात स्वभावाचाही भाग असतो. भाव करणारा किंवा धमकी देणारा ग्राहक रात्री अकराला संदेश टाकतो आणि मुलगा अकरा वाजून एक मिनिटाने त्याला दुप्पट तिखट उत्तर देतो. मग पुढे तंट्यात वाचले जाते ते उत्तरच. रोजेदाराशी कोणी भांडायला आला तर त्याने एवढेच म्हणावे की मी रोजेदार आहे, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कामाच्या भाषेत तिचा अर्थ सरळ आहे: असरनंतर पोटात आग असताना ग्राहकाला उत्तर लिहू नका. लिहिलेच तर पाठवू नका. इफ्तार होऊ द्या, मगरिबची नमाज होऊ द्या, पुन्हा वाचा. विशेषणे काढून टाका, तारखा आणि आकडे ठेवा. ‘तुम्ही फसवे आहात’ याऐवजी ‘३ तारखेला काम पाठवले, ५ तारखेला आपण पसंत आहे म्हणालात, आज २६ तारीख आहे, रक्कम अमुक’ असे लिहा. वाईट रेटिंगची धमकी आली तर तिचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मंचाला कळवा. आधी सौम्य आठवण, मग बिलासह लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस, मग कौन्सिल किंवा दिवाणी न्यायालय, अशी पायरी-पायरीने चढा. साधारण दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, पण तेवढी वाट पाहू नका.

देणाऱ्यानेही मागणाऱ्याचा आवाज सहन करायला शिकावे. एक माणूस पैगंबरांकडे (स.) आपले येणे मागायला आला आणि फार कठोर बोलला. सोबतचे लोक चिडले. पैगंबरांनी (स.) त्यांना थांबवले, कारण ज्याचे येणे आहे त्याला बोलण्याचा हक्क असतो. मग त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट द्यायला सांगितले. आपण मात्र आठवण करून देणाऱ्या मुलाला ‘तमीज नाही’ म्हणून मोकळे होतो.

न्यायाचा काटा दोन्ही बाजूंनी सरळ हवा. ग्राहक म्हणून दुकानदारांच्याही तक्रारी मी ऐकतो आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. आगाऊ रक्कम घेऊन मुलगा फोन बंद करतो. स्वतःचे म्हणून दुसऱ्याचे डिझाइन चिकटवतो. भाषांतर यंत्राकडून करून न वाचताच पाठवतो आणि दर माणसाचा लावतो. चार दिवस म्हणतो, चौदा लावतो. कुरआनमध्ये मापात मारणाऱ्यांवर एक सबंध सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पूर्ण मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, असे त्यांचे वर्णन आहे. ते ग्राहकाला लागू आहे तसे कारागिरालाही. वचन मोडणे आणि अमानतीत खयानत करणे ही मुनाफिकाची लक्षणे सांगितली आहेत. ग्राहकाचा पासवर्ड, त्याच्या कुटुंबाचे फोटो, त्याच्या धंद्याची यादी, ही सगळी अमानत आहे. पैशांचा तंटा झाला म्हणून ती उघड करण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही.

आता सर्वांत नाजूक विषय. ‘सवाब का काम है, बेटा.’ मदरसे, ट्रस्ट, मोहल्ला कमिट्या या वाक्यावर वर्षानुवर्षे पोस्टर, व्हिडिओ, वेबसाइट करून घेत आल्या आहेत. कोणी स्वखुशीने खिदमत केली तर तिचे मोल अल्लाहच देईल. पण खिदमत आधी सांगून होते, बिल पाठवल्यानंतर नाही. मंडपवाल्याला, बिर्याणीच्या खानसाम्याला, लाउडस्पीकरवाल्याला पैसे मिळतात आणि फक्त लॅपटॉपवाल्याला सवाब मिळतो, हे कसे? त्याच्या घरीही वीजबिल येते, त्याच्या अम्मीलाही औषधे लागतात. त्यातही मुलींच्या बाबतीत हे जास्त होते. घरात बसूनच तर करते, वेळ घालवायला करते, अशी समजूत असते. परदेशी मुलांना कुरआन शिकवणारी माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, फी मागितली की पालक म्हणतात, दीनच्या कामाचे पैसे मागतेस?’ ती ज्या तासाला शिकवते, तो तास तिने आपल्या झोपेतून काढलेला असतो, कारण त्यांची संध्याकाळ ही आपली मध्यरात्र असते.

काहीजण म्हणतील, कागद मागितला तर ग्राहक पळून जाईल, आधीच स्पर्धा किती. ही भीती खोटी नाही. नवख्या मुलाला पहिले काम मिळवणे कठीण असते. पण दोन ओळी वाचून जो पळतो, तो पैसे द्यायच्या वेळीही पळणारच होता. तो आधीच गेला तर रात्रीची झोप वाचली. आणि हे एकेका मुलावर सोडून चालणार नाही. आमच्यासारख्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला तीन तास तरी बिल कसे करावे, करार कसा लिहावा, नोंदणी कशी करावी हे शिकवले पाहिजे. गालिबच्या गझलेची तक्तीअ आम्ही शिकवतोच. त्याच विद्यार्थ्याला स्वतःच्या मजुरीचा हिशेब मांडता येऊ नये, ही आमच्या अभ्यासक्रमाची उणीव आहे. मोहल्ल्यातल्या वकिलांनी, अकाउंटंटांनी महिन्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी काढली, तर तोच आजचा हिल्फुल फुजूल ठरेल.

मजुराला त्याचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, ही हदीस आपल्याला तोंडपाठ आहे. एसीखाली बसून केलेल्या कामाला घाम येत नाही, म्हणून ती लागू होत नाही, असे कोणी समजू नये. दुसऱ्या एका हदीसमध्ये पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, असे सांगितले आहे. आणि खरा कंगाल कोण, हे सांगताना पैगंबरांनी (स.) अशा माणसाचे चित्र उभे केले, जो नमाज, रोजा, जकात सगळे घेऊन हजर होतो, पण कोणाचा माल खाल्लेला असतो, कोणाला शिवी दिलेली असते. मग त्याच्या नेक्या एकेका हक्कदाराला वाटून दिल्या जातात आणि त्याचे हात रिकामे राहतात. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करू शकतो. बंद्याचा हक्क मात्र त्या बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो.

म्हणून या दिवसांत जकातीचा हिशेब मांडायला बसाल तेव्हा एक वेगळा कागद घ्या. त्यावर अशा लोकांची नावे लिहा, ज्यांनी आपल्यासाठी काम केले आणि ज्यांचे पैसे राहिले: पोस्टरवाला, व्हिडिओवाला, टायपिंग करणारी, ट्यूशन घेणारी. ही रक्कम जकातीत धरू नका, सदका म्हणून देऊ नका. ते तुमचे दान नव्हे, त्यांचे येणे आहे. ज्यांचे लगेच देता येत नाही त्यांना फोन करून तारीख सांगा आणि ती पाळा. सदकतुल फित्र ईदच्या नमाजआधी पोहोचवायची आपली रीत आहे, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद व्हावी. त्याच रीतीने ही थकबाकीही ईदच्या नमाजआधी ज्याची त्याच्या खात्यात पोहोचवू या. यूपीआयला दहा सेकंद लागतात.